विश्लेषण : सुटे भाग स्वस्त झाले, मग गाडीच्या सर्व्हिसिंगचे बिल का उतरत नाही?

वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के असा एकच जीएसटी दर लागू झाला. त्याआधी बहुतांश भागांवर तो 28 टक्के होता. त्यानंतर वार्षिक सर्व्हिसिंगसाठी गाडी नेणाऱ्या अनेकांच्या हाती मात्र जवळपास पूर्वीइतकेच बिल पडते. करकपात झाली तर पैसे गेले कुठे, बिलातील कोणते काम खरोखर गरजेचे असते आणि पैसे वाचवण्याच्या नादात कोणते काम भलतेच महागात पडू शकते, याचा आढावा.

जीएसटी कमी होऊनही फरक का जाणवत नाही?

कारण नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सर्वात मोठा वाटा असतो तो इंजिन ऑइल आणि मजुरीचा. या दोन्हींवर आधीपासूनच 18 टक्के जीएसटी होता आणि आजही तेवढाच आहे. करकपातीचा फायदा टायर, बॅटरी, स्पार्क प्लग, वायपर, दिवे, बंपर अशा वस्तूंवर होतो. करापूर्वी 5,000 रुपये किंमत असलेला टायर 28 टक्के कर धरून 6,400 रुपयांना पडत होता, तो 18 टक्क्यांनी 5,900 रुपयांना मिळायला हवा. म्हणजे कर दहा टक्क्यांनी घटला तरी ग्राहकाच्या खिशातील बचत साधारण पावणेआठ टक्के. ज्या वर्षी चार टायर किंवा बॅटरी बदलायची असेल त्या वर्षी ती जाणवेल. नुसते ऑइल बदलून गाडी बाहेर पडली तर जाणवणार नाही.

बिल खरे फुगते ते करामुळे नाही, तर यादीमुळे. ही यादी दोन ठिकाणी तयार होते. एक यादी कंपनीच्या अभियंत्यांनी केलेली असते. ती गाडीसोबत मिळालेल्या मालकाच्या पुस्तिकेत तक्त्याच्या रूपात छापलेली असते आणि पुस्तिका सहसा डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत तशीच पडून राहते. दुसरी यादी गाडी आत घेताना सर्व्हिस ॲडव्हायझर टॅबवर तयार करतो. दोन्ही एकच आहेत, असा बहुतेकांचा समज असतो. त्या एकच असतील असे नाही.

‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष’ म्हणजे काय?

भारतातील बहुतेक पेट्रोल गाड्यांचे वेळापत्रक 10 हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असे असते. काही कंपन्या 15 हजार किलोमीटर सांगतात, पण वर्षाची अट तिथेही असतेच. या वाक्यातील महत्त्वाचे शब्द पुढे येतात, ‘जे आधी होईल ते’. गाडी वर्षभरात तीनच हजार किलोमीटर चालली म्हणून सर्व्हिसिंग पुढे ढकलणारे अनेक जण आहेत. मात्र ऑइल केवळ अंतराने खराब होत नाही. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोल आणि ज्वलनातून तयार होणारी वाफ ऑइलमध्ये मिसळते. गाडी पुरेशी तापली तर ती उडून जाते. घर ते भाजी मंडई इतकेच चालणाऱ्या गाडीत ती साचत राहते. त्यामुळे कमी चालणारी गाडी ‘कमी झिजलेली’ असतेच असे नाही.

नव्या गाडीच्या सुरुवातीच्या ‘फ्री सर्व्हिस’बाबतही गैरसमज आहेत. यात मोफत असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर आणि इतर वापराच्या वस्तूंचे पैसे द्यावेच लागतात. पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरच्या भेटीत तर अनेक कंपन्यांच्या तक्त्यात ऑइल बदलणे नसतेच, फक्त तपासणी असते. त्या भेटीतही बिल निघाले, तर ते कशाचे, हे विचारायला हरकत नाही.

शहरातली गाडी ‘खडतर वापरा’त कशी मोडते?

मुख्य तक्त्यानंतर पुस्तिकेत आणखी एक छोटा तक्ता असतो. खडतर परिस्थितीत गाडी वापरली जात असेल, तर काही कामे लवकर करावीत, असे तो सांगतो. खडतर म्हटले की डोळ्यापुढे वाळवंट किंवा लडाख येते. प्रत्यक्षात यादीत असतात ते वारंवार केलेले छोटे प्रवास, इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभे राहणे, धुळीचे रस्ते, घाट आणि कडक उन्हात शहरी वाहतूक कोंडीतून होणारे ड्रायव्हिंग. एका मोठ्या कंपनीच्या पुस्तिकेत यासाठी 32 अंश सेल्सिअस तापमानाचा उल्लेख आहे. विदर्भात मार्च ते जून, पुण्यात हिंजवडीचा रोजचा प्रवास किंवा ठाण्यात घोडबंदर रस्ता यांपैकी काहीही घेतले तरी ही व्याख्या लागू होते.

यामागचे गणित सोपे आहे. ओडोमीटर अंतर मोजतो, इंजिन मात्र तास मोजते. ताशी सरासरी 60 किलोमीटर वेगाने महामार्गावर 10 हजार किलोमीटर कापायला इंजिन सुमारे 167 तास चालते. तेच अंतर शहरात ताशी सरासरी 15 किलोमीटरने कापायचे झाले, तर सुमारे 667 तास लागतात. ओडोमीटरवरचा आकडा एकच, पण इंजिन चौपट वेळ फिरलेले. यात सिग्नलवर उभे राहण्याचा वेळ आलाच, कारण सरासरी वेग त्यामुळेच खाली येतो.

म्हणून सर्व्हिस ॲडव्हायझर ‘ऑइल थोडे आधी बदला’ म्हणतो तेव्हा तो दर वेळी फसवतच असतो, असे मानणे चुकीचे ठरेल. त्याने खडतर वापराच्या तक्त्याचा आधार दाखवला, तर सल्ला योग्य आहे. ‘आमच्याकडे सगळे असेच करतात’ हा आधार नव्हे.

ऑइल कोणते आणि किती?

ऑइल काळे पडले की खराब झाले, हा समज जुना आहे. काजळी आणि मळ स्वतःत धरून ठेवणे हे ऑइलमधील रसायनांचे कामच आहे. डिझेल गाडीत तर नवे ऑइल काही दिवसांतच काळे होते. डिपस्टिक पुसून बोटाने ‘ऑइल संपले’ असा निदान करणारा मेकॅनिक अनुभवी असू शकतो, पण रंगावरून ऑइलचे आयुष्य कळत नाही. दर तीन-पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलण्याची सवयही जुन्या खनिज ऑइलच्या काळातली आहे.

आजच्या अनेक पेट्रोल इंजिनांना 0डब्ल्यू-20 किंवा 0डब्ल्यू-16 असे पातळ सिंथेटिक ऑइल लागते. ‘डब्ल्यू’ हा हिवाळ्याचा निदर्शक असतो. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत सहज वाहते. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो. ‘आपल्याकडे उष्णता जास्त, दाट ऑइल टाका’ हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. पण इंजिनातील फटी, ऑइल पंप आणि इंधन बचत यांचा हिशेब करूनच कंपनीने श्रेणी ठरवलेली असते. काही पुस्तिकांत हवामानानुसार पर्यायी श्रेणीही दिलेल्या असतात. निवड त्यातूनच व्हावी.

प्रमाणाकडे तर फार कमी जण पाहतात. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागते. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. मोठ्या वर्कशॉपमध्ये ऑइल बॅरलमधून मोजून भरले जाते, त्यामुळे बिलावर दशांशात आकडा येतो. पुस्तिकेत 3.1 लिटर आणि बिलावर 4 लिटर असेल, तर उरलेले ऑइल कुठे गेले, हा रास्त प्रश्न आहे. ते इंजिनातच गेले असेल तर तेही बरे नाही. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली, तर ऑइलचा फेस होऊ शकतो.

यादीत नसलेली कामे कोणती?

इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंग, डिकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्टंट, इंजिन ड्रेसिंग, टेफ्लॉन किंवा सिरॅमिक कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, टायरमध्ये नायट्रोजन. बहुतेक पुस्तिकांच्या तक्त्यात यांपैकी काहीही सापडत नाही. याचा अर्थ ही कामे निरुपयोगी आहेत असा नाही. इंजेक्टर खरोखर चोंदला असेल, इंजिन थरथरत असेल, तर तो साफ करणे ही दुरुस्ती झाली. व्यवस्थित चालणाऱ्या गाडीत दर वर्षी ते करणे म्हणजे ताप नसताना औषध घेणे. किनारपट्टीवर खाऱ्या हवेत उभ्या असणाऱ्या जुन्या गाडीला अंडरबॉडी कोटिंगचा उपयोग होऊ शकतो. नायट्रोजनचे मात्र नवल वाटते. आपण श्वासात घेतो त्या हवेत तो 78 टक्के असतोच आणि टायरसाठी महत्त्वाचा असतो तो दाब.

मायलेज घटले की ही यादी हमखास पुढे येते. त्याआधी टायरमधील हवा, एअर फिल्टर आणि बदललेला रस्ता एवढे तरी तपासावे. पेट्रोलमधील इथेनॉलचाही यात हात असू शकतो.

ई20 पेट्रोलमुळे वेळापत्रक बदलले का?

छापील वेळापत्रक बदललेले नाही, आणि अडचण तिथेच आहे. देशभरात आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार ई10 साठी बनवून ई20 साठी जुळवलेल्या गाड्यांचे मायलेज एक ते दोन टक्क्यांनी, तर इतर गाड्यांचे तीन ते सहा टक्क्यांनी घटू शकते. त्याच स्पष्टीकरणात आणखी एक ओळ होती, तिची चर्चा कमी झाली. काही जुन्या गाड्यांमध्ये 20 ते 30 हजार किलोमीटर वापरानंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो. हे काम स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊ शकते, असेही मंत्रालयाने म्हटले होते.

मात्र 2012 किंवा 2016 मध्ये छापलेल्या पुस्तिकेत ही ओळ असण्याची शक्यताच नाही. तक्त्याप्रमाणे चालणाऱ्या वर्कशॉपच्या यादीतही ती आपोआप येणार नाही. जुनी गाडी वापरणाऱ्यांनी इंधन नळ्या, त्यांचे जोड आणि गॅस्केट तपासण्याचे काम जॉब कार्डवर स्वतः सांगून लिहून घेतलेले बरे. इंजिनजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नये.

टाळू नये असे काम कोणते?

बिलावरून होणारी घासाघीस बहुतेकदा चुकीच्या ओळीवर होते. चकाकीचे कोटिंग घेतले जाते आणि ब्रेक ऑइल ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणून काढून टाकले जाते. ब्रेक ऑइल बदलण्याची मुदत अनेक गाड्यांमध्ये दोन वर्षे किंवा 40 हजार किलोमीटर अशी असते. गाडी उत्तम थांबते आहे, मग ते बदलायचे कशाला, असे वाटणे साहजिक आहे. रोजच्या वापरात त्याचा काहीच दोष दिसत नाही.

दोष दिसतो तो घाटात. सध्याच्या गाड्यांमधील नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे ऑइल नवे असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट 3 साठी हे आकडे 205 आणि 140 आहेत. भरलेली गाडी अंबोलीचा किंवा कशेडीचा उतार सतत ब्रेक दाबत उतरते तेव्हा डिस्क प्रचंड तापते आणि ती उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून तर पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल तळापर्यंत जाते आणि चाके थांबत नाहीत. खाली उतरून गाडी अर्धा तास उभी केली, की ऑइल थंड होते आणि ब्रेक पुन्हा नीट लागतात. त्यामुळे नंतर तपासणीत काही सापडत नाही. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवून ब्रेकवरचा भार कमी करणे, हा नियम म्हणूनच आहे.

कोकण आणि गोव्यासारख्या दमट भागात या ऑइलच्या मुदतीकडे अधिक काटेकोरपणे पाहायला हवे. बाटली उघडी ठेवून महिनाभराने त्यातलेच ऑइल भरणारे गॅरेज टाळावे. सीलबंद डबा समोर उघडला जातो का, एवढे पाहिले तरी पुरे.

मुदतीवर चालणारी आणखी दोन कामे आहेत. कूलंटमधील गंजरोधक घटक काळानुसार संपतात. काही गाड्यांत पहिला बदल दीड लाख किलोमीटरच्याही पुढे असतो, तर काहींत बराच आधी. कूलंट कमी झाले म्हणून बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी ओतले, तर ही सगळी मुदत व्यर्थ जाते. दुसरे, टायमिंग बेल्ट. सर्वच गाड्यांना तो नसतो, अनेकांना साखळी असते. ज्यांना रबरी बेल्ट आहे त्यांनी मुदत चुकवू नये. चालत्या इंजिनात तो तुटला, तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि बेल्टच्या खर्चाच्या जागी इंजिन उघडण्याचा खर्च येतो.

डिझेल, सीएनजी आणि इलेक्ट्रिकचे काय?

एप्रिल 2020 पासूनच्या बीएस6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. केवळ शहरात फिरणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया अर्धवट राहते आणि काही गाड्यांमध्ये त्यासाठी सोडलेले जादा डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले, तर ती आनंदाची बातमी नाही. या गाड्यांना कमी राख तयार करणारे ऑइलच लागते. बाहेर स्वस्तात भरलेल्या चुकीच्या ऑइलची राख फिल्टरमध्ये कायमची बसते, ती जळून जात नाही.

सीएनजी गाडीत टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. ती सर्व्हिसिंगच्या बिलात आपोआप येत नाही, तारीख मालकालाच लक्षात ठेवावी लागते. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल नाही, पण ब्रेक ऑइल, कूलंट, केबिन फिल्टर आणि 12 व्होल्टची छोटी बॅटरी तिलाही असते.

बाहेर सर्व्हिसिंग केले तर वॉरंटी जाते का?

याच मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना एकूण सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणे, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरील सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, अशी भूमिका आयोगाने घेतली. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले. 2016 मध्ये अपिलीय लवादाने काही कंपन्यांचा दंड कमी केला. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलमध्येही वाहन क्षेत्राचा समावेश आहे.

व्यवहारात चित्र इतके सरळ नाही. वॉरंटीच्या काळात इंजिनाचा मोठा दावा आला, की कंपनी पहिल्यांदा पाहते ती वेळेवर झालेल्या सर्व्हिसिंगची नोंद. त्यामुळे वॉरंटी संपेपर्यंत अधिकृत केंद्रात, पण तक्त्यापुरतेच काम करून घेणे, हा बऱ्याच जणांसाठी कमी कटकटीचा मार्ग आहे. तक्त्याबाहेरील कोटिंग किंवा फ्लशिंग नाकारल्याने वॉरंटीला धक्का लागत नाही. तसे तोंडी सांगितले गेले, तर ते जॉब कार्डवर लिहून मागावे. सहसा लिहून मिळत नाही. वॉरंटी संपल्यावर विश्वासू स्थानिक गॅरेजकडे जाताना योग्य श्रेणीचे ऑइल आणि पक्के बिल या दोन गोष्टी सोडू नयेत. जुनी गाडी विकताना ओडोमीटरच्या आकड्याची साक्ष देणारी हीच बिले असतात.

बिलाबाबत तक्रार असेल तर?

गाडी आत जाण्यापूर्वी जॉब कार्डवर कामांची यादी आणि अंदाजित रक्कम लिहून घ्यावी. न विचारता वाढवलेल्या कामावर आक्षेप घेताना हाच कागद उपयोगी पडतो. बदललेले भाग, विशेषतः ब्रेक पॅड, फिल्टर आणि स्पार्क प्लग, परत मागता येतात. मात्र हे गाडी ताब्यात देतानाच सांगावे, संध्याकाळी भंगाराची पेटी रिकामी झालेली असते. तक्रार आधी वर्कशॉपच्या व्यवस्थापकाकडे आणि मग कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडे लेखी करावी. तिथे दाद लागली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्गही खुला आहे. अर्जासोबत जॉब कार्ड, अंतिम बिल आणि पुस्तिकेतील तक्त्याच्या पानाचा फोटो जोडावा.